दाढ नंबर छत्तीस

कारखान्याच्या टूलरूममध्ये हयात गेलेल्या माणसाची नजर आधी हत्यारांकडे जाते, मग ती चालवणाऱ्याकडे. टिळक रोडवरच्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात मी रूट कॅनलसाठी, म्हणजे दाढेच्या मुळातल्या नळ्या साफ करून बुजवून घ्यायला, खुर्चीत आडवा झालो होतो. डावा गाल आणि अर्धा ओठ बधिर होत चालला होता, आणि शेजारच्या ट्रेमध्ये स्पंजात खोचून ठेवलेल्या बारीक फाइल्स दिसत होत्या. मुठी जांभळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, लाल, निळ्या.

"रंग साइजप्रमाणे का?" मी जड जिभेनं विचारलं.

"हो काका. जांभळी दहा नंबर, पांढरी पंधरा, मग वीस, पंचवीस, तीस." डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. "दहा म्हणजे टोकाला पॉइंट वन मिलिमीटर."

शंभर मायक्रॉन! भोसरीच्या कारखान्यात आम्ही शंभर मायक्रॉन हा आकडा ड्रॉइंगवर टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालून जाणाऱ्या फरकाच्या, रकान्यात बघायचो. एवढ्या जाडीचं अख्खं हत्यार असतं आणि ते दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवतात, हे मला नवं होतं. त्यात ते सरळसोट नाही. टोकापासून वर दर मिलिमीटरला ०.०२ नं जाडी वाढत जाते. कापणारा भाग १६ मिलिमीटर, म्हणजे वर ०.४२. भूल चढेपर्यंत मी हे गणित करून टाकलं. ठणकणाऱ्या दाढेचा एवढा वेळ विसर पडला, हेही काही कमी नाही.

हे माप जगभर एकच असणं ही तशी अलीकडची गोष्ट. १८३८ च्या सुमारास एडवर्ड मेनार्ड नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं घड्याळाची स्प्रिंग घासून दाताच्या आतल्या नळीत जाईल असं हत्यार बनवलं. (हाच गृहस्थ पुढे बंदुकांच्या पेटंटांमुळे जास्त गाजला. हात बसलेल्या माणसाला काय, काहीही घासायला द्या.) त्यानंतर शंभरेक वर्षं ज्याची त्याची फाइल आणि ज्याचा त्याचा नंबर, एका कंपनीचा नंबर दुसरीला लागू नाही. १९५८ साली जॉन इंगल यांनी नंबरचा अर्थ टोकाचा व्यास आणि टेपर (वर वाढत जाणारी जाडी) सगळ्यांचा सारखा, असा प्रस्ताव मांडला आणि तो पुढे मानक झाला. ज्यानं कधी दोन कंपन्यांचे नटबोल्ट एकमेकांत बसवायचा प्रयत्न केलाय, त्याला या माणसाचे उपकार कळतील.

दुखणं सुरू झालं ते गणपतीत, आणि कळस झाला तो नेमका विसर्जनाच्या रात्री. सदाशिव पेठेत राहणाऱ्याला त्या रात्री तशीही झोप नसतेच. लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड, चारही बाजूंनी ढोल. पण त्या रात्री ताशाची प्रत्येक तर्री थेट खालच्या जबड्यात वाजत होती. दवाखाना हाकेच्या अंतरावर आणि मध्ये अख्खी मिरवणूक. बायको लवंग घेऊन आली. लवंगेत युजेनॉल असतं, ते खरोखर थोडं बधिर करतं, आणि आजही दंतवैद्य तात्पुरत्या सिमेंटमध्ये तेच वापरतात. तेव्हा घरगुती औषधाला हसायचं कारण नाही. मात्र लवंग दुखणं झाकते, हटवत नाही.

दाताच्या पोटात गर असतो. आपण सरसकट त्याला नस म्हणतो, पण त्यात रक्तवाहिन्या, नसा, जिवंत पेशी असा सगळा संसार असतो, आणि तो सगळा मिळून थेंबभरही भरत नाही. अंगावर दुसरीकडे सूज आली की जागा फुगते. इथे चहूबाजूंनी कठीण भिंत, आणि रक्ताला ये-जा करायला मुळाच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढं भोक. वाढलेला दाब जाणार कुठे? आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, म्हणून दाढ उशीला डोकं टेकताच ठणकायला लागते. थंड पाण्यानं चमक येऊन लगेच गेली तर गर सावरण्याची आशा असते. गरम चहाची कळ चहा संपल्यावरही रेंगाळत राहिली, तर तो परत येत नाही असं धरतात. माझं दुसऱ्या जातीचं होतं.

आणि मग कधी कधी दुखायचं आपोआप थांबतं. आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांनी या आनंदात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. त्यांचा गर मेला होता. मेलेल्या गरात जंतूंना मोकळं रान मिळतं, ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, आणि पुढच्या खेपेला गालावर टेनिसचा चेंडू. गृहस्थांच्या बाबतीत ही पुढची खेप मुलीच्या साखरपुड्यात आली.

माझी दाढ छत्तीस नंबरची. तोंडाचे चार भाग करायचे. खालचा डावा तिसरा, आणि त्यात मधल्या रेषेपासून सहावा दात, म्हणून तीन-सहा. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते. कुठलाही दुधाचा दात पाडून येत नाही, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. त्यामुळे पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि 'पडणारच आहे' म्हणून तिची किडकी खळगी कुणी मनावर घेत नाही. कायमच्या दातांतली ही सर्वांत आधी कामावर रुजू होणारी, आणि बहुतेकदा सर्वांत आधी आजारी पडणारी.

आजीच्या काळी उपाय एकच होता. त्याआधी रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी तोंडात घ्यायची, खाली ताटात पाणी, आणि पाण्यात पडलेले 'किडे' दाखवून कीड निघाली म्हणायचं. ते फुटलेल्या बियांचेच तुकडे. एवढं करून थांबलं नाही की दाढ उपटायची. चाळिशीत कवळी हे काही दुर्दैव नव्हतं, चष्म्यासारखं वयाचं लेणं होतं.

उपटण्याचा सोस अडाण्यांचाच होता असं मात्र नाही. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी मॉन्ट्रियलमध्ये एक भाषण दिलं. दुरुस्त केलेल्या दातांखाली दडलेला जंतुसंसर्ग शरीरभरच्या नाना दुखण्यांचं मूळ आहे, असा त्यांचा सूर होता. त्यापुढची दोन-तीन दशकं संधिवातापासून उदासीपर्यंत कशावरही दात काढून टाकण्याची लाट आली आणि धडधाकट दातही तिच्यात वाहून गेले. नीट साफ केलेला दात आणि नुसताच बुजवलेला दात यांत फरक असतो, हे पटवायला वेळ लागला. त्यात मला सर्वांत आवडलेला प्रयोग १९६५ चा. काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांना गरापर्यंत भोक पाडलं आणि तसंच उघडं ठेवलं. साध्या उंदरांचे गर सडले, पू झाला. पण जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या त्याच जखमेत, त्याच अन्नकणांखाली, गर जिवंत राहिला आणि त्यानं आतून नवीन भिंत बांधायला घेतली. म्हणजे दात भोकानं मरत नाही, जंतूंनी मरतो.

एवढं एक समजलं की खुर्चीतला सगळा खटाटोप वेगळा दिसायला लागतो. मला आधी वाटत होतं, हे कोरकामाचं शास्त्र आहे. ते धुण्याचं शास्त्र आहे. कोरायचं ते पाणी आत पोचावं म्हणून.

पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. नाकाशी वास आला आणि मी थेट टिळक टँकवर पोचलो, लहानपणीच्या पोहण्याच्या बॅचमध्ये. रसायन त्याच जातीचं. ते जंतू तर मारतंच, शिवाय मेलेला गर विरघळवतं. बारीक सुईला भोक टोकाला नसतं, बाजूला असतं, म्हणजे धार मुळाच्या टोकातून बाहेर हाडात जाऊ नये. भरायचं, ओढायचं, परत भरायचं. असिस्टंट मुलगी सक्शनची नळी धरून होती आणि डॉक्टर घड्याळाकडे बघत होत्या. घाई केली की इथेच मार खातो, असं मला वाटलं. ते नंतर खरं ठरलं, कारण दाताची नळी ही नळी नसतेच. शंभर वर्षांपूर्वी झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी हजारो काढलेल्या दातांत रबर भरून त्यांचे आतले साचे मिळवले. त्यात फाटे, जाळ्या, चपट्या फटी, दोन नळ्यांना जोडणाऱ्या पातळ पट्ट्या असं काय काय निघालं. हल्लीच्या सूक्ष्म सीटी स्कॅनमध्ये तर दिसलं की फाइल कितीही चांगली फिरवा, आतल्या भिंतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग तिला शिवलेलाच नसतो. जिथे हत्यार पोचत नाही तिथे द्रावणच पोचतं.

आता त्या कामाचं अवघडपण बघा. भोक आंधळं. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं ती वस्तू, फिक्स्चरमध्ये घट्ट धरता येत नाही, कारण त्याला जोडलेला माणूस गिळतो, खोकतो, घाबरतो. लाळेत कोट्यवधी जंतू. त्यावर उपाय म्हणून दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात. त्यातून फक्त ती एक दाढ वर आलेली, बाकीचं तोंड पडद्याआड. सॅनफर्ड बार्नम या न्यूयॉर्कच्या दंतवैद्यानं १८६४ मध्ये ही युक्ती काढली आणि तिला आजतागायत पर्याय नाही. तरीही ती न लावता उरकणारे दवाखाने आहेत. माझ्या मते पेशंटनं दुसरं काही विचारलं नाही तरी चालेल, पण "रबर डॅम लावणार ना?" एवढं विचारावं.

दात कोरायचं यंत्र, एअरोटर, फिरतं मिनिटाला तीन-चार लाख फेऱ्यांनी. आमच्या सीएनसीचा स्पिंडल यापुढे रांगतो. १९५७ मध्ये हवेवर चालणारी ही टर्बाइन बाजारात आली आणि खुर्चीतला माणूस हादरणं थांबलं. त्या वेगानं दाढेच्या डोक्यावर खिडकी उघडली. त्यानंतर डॉक्टरांनी दुसरं यंत्र घेतलं, ते जेमतेम तीनशे फेऱ्यांचं आणि टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, ठरवून दिलेलं. जोर जास्त लागला की ते थांबतं आणि उलटं फिरतं. त्यावरच्या फाइल्स निकेल-टायटॅनियमच्या. हा मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मला, आणि १९८८ मध्ये हरमीत वालिया आणि सहकाऱ्यांनी दात सरळ करायच्या तारेपासून त्याच्या फाइल्स करून पाहिल्या. पोलादी फाइल वाकड्या मुळात सरळ जायचा हट्ट धरते आणि भिंत फोडते. ही वाकते आणि मुळाची वाट धरते. फक्त एक खोड आहे. वाकत वाकत फिरताना ती थकते आणि वरून काहीही न दिसता तुटते. पोलादी निदान पीळ उलगडून इशारा देते. टूल जॉबमध्ये तुटून राहणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. दातात तुटलेला तुकडा कधी निघतो, कधी त्याच्या बाजूनं वाट काढतात, कधी तिथेच ठेवतात. पुढे काय होणार ते तुकड्यापेक्षा, तो तुटला तेव्हा नळी किती साफ झाली होती, यावर ठरतं.

खोली मोजायची पद्धत तर मला इतकी आवडली की मी बधिर तोंडानं दाद द्यायचा प्रयत्न केला. फाइलवर रबराचा छोटा स्टॉपर असतो, आपल्या डेप्थ स्टॉपसारखाच. पण तो कुठे लावायचा? ओठाला एका वायरचा हुक अडकवतात, दुसरी वायर फाइलला. फाइल आत जाते तसं यंत्र टिक्-टिक् करत जवळ जवळ वाजायला लागतं. १९४२ मध्ये सुझुकी या संशोधकांना कुत्र्यांवरच्या प्रयोगात आढळलं की तोंडाची आतली त्वचा आणि दाताच्या मुळाभोवतीचं अस्तर यांच्यामधला विद्युतरोध जवळजवळ कायम असतो. १९६२ मध्ये सुनादा यांनी त्यावरून माणसाच्या दाताची लांबी मोजायची रीत बसवली. फाइलचं टोक मुळाबाहेरच्या ओल्या अस्तराला टेकायला आलं की सर्किट बोलतं. वीस मिलिमीटर खोल, न दिसणाऱ्या भोकाचा तळ आवाजावरून कळतो.

सगळं धुऊन, वाळवून झाल्यावर नळीत गुट्टापर्चा भरतात. गुलाबी काडीसारखा दिसतो. मलायाकडच्या एका झाडाचा हा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबल्सना याचंच आवरण असायचं, कारण खाऱ्या पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकतो आणि तापवला की मऊ होतो. दाताला नेमकं हेच लागतं. काडीत तसा चीक थोडाच, बराचसा भाग झिंक ऑक्साइड.

आमचा एक जुना सहकारी, फिटर, या सगळ्यावर फोनवर हसला. "बेअरिंग गेलं तर बेअरिंग बदलतोस ना? मग मेलेली दाढ रीवर्क करत काय बसलास? काढ आणि इम्प्लांट टाक."

प्रश्न खोटा नव्हता. पुढच्या खेपेला मी तो जसाच्या तसा डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी एक्स-रे स्क्रीनवर मोठा केला आणि मुळाभोवतीची काळी रेघ दाखवली. केसाहून थोडी जाड. "काका, दाढ मेली असं म्हणू नका. आतला गर गेला. ही रेघ जिवंत आहे."

ती रेघ म्हणजे दात आणि हाड यांच्यामधलं अस्तर. जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. दात हाडात ठोकून बसवलेला नसतो, या तंतूंवर तोललेला असतो. चावताना तो किंचित खाली दबतो आणि वर येतो. आणि याच अस्तरात दाब ओळखणाऱ्या नसा असतात. भातात खडा आला की आपण विचार करायच्या आत जबडा उघडतो, तो यांच्यामुळे. त्यांना रक्त मिळतं ते बाहेरून, हाडाकडून; दाताच्या पोटातल्या गराशी त्यांचं देणंघेणं नाही. म्हणून रूट कॅनल झालेल्या दाढेला थंड-गरम कळत नाही, पण खडा कळतो. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडाशी एकजीव होतो, ब्रोनेमार्क या संशोधकांचा सगळा शोधच तो. दात गेलेल्याला ते वरदान आहे. पण मधलं अस्तर त्याला नसतं आणि ते अजून कुणाला बनवता आलेलं नाही.

मी फिटरला उलट फोन केला आणि सांगितलं, "बेअरिंग चांगलं आहे रे. नुसता शाफ्ट आतून साफ केला." तो गप्प बसला नाही, पण विषय बदलला. आमच्यात याला मान्य केलं म्हणतात.

नंतर दाढेवर बसवायच्या कॅपचं प्रकरण मात्र लोक फार हलक्यात घेतात. दुखणं थांबलं, पैसेही बरेच गेले, कॅप दिवाळीनंतर बघू. खिडकी पाडलेली, किडीनं खाल्लेली दाढ, भिंती पातळ. भोसरीतल्याच एका सहकाऱ्याची अशी कॅपविना ठेवलेली दाढ हुरडा पार्टीत उभी चिरली, मुळापर्यंत, आणि तिला काढण्यावाचून इलाज उरला नाही. अमेरिकेतल्या विमा नोंदींवरून २००४ मध्ये एक मोठा हिशोब मांडला गेला होता. रूट कॅनल केलेले साडेचौदा लाख दात, आठ वर्षांनंतर त्यातले ९७ टक्के तोंडातच. जे काढावे लागले, त्यांपैकी ८५ टक्क्यांवर पूर्ण कॅप नव्हती. पैशांची अडचण असेल तर धनकवडीला भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, कॅम्पात रंगूनवाला आहे. विद्यार्थी वेळ जास्त घेतात, पण टप्प्याटप्प्याला वरचे शिक्षक तपासतात. इन्स्पेक्शनचा शिक्का असलेलं काम मला तरी केव्हाही चालेल.

आता तर काही वेळा गरही पूर्ण काढत नाहीत. वरचा सुजलेला भाग तेवढा उतरवायचा आणि उरलेल्यावर एमटीए नावाचं सिमेंट थापायचं. नव्वदच्या दशकात पोर्टलँड सिमेंटच्या कुळातूनच ते दंतवैद्यकात आलं. घरबांधणीतलं सिमेंट दातात, हे ऐकून फिटर पुन्हा हसला असता, म्हणून त्याला सांगितलं नाही. आणि नातवंडं असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मैदानावर पडून पोराचा कायमचा दात अख्खा निखळला, तर तो मुकुटाकडून, म्हणजे चावायच्या बाजूनं, धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, आणि दुधात टाकून तासाभराच्या आत डॉक्टर गाठायचा. मुळावर चिकटून राहिलेलं ते अस्तर जिवंत राहिलं, तर दात परत धरतो. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवत नाहीत.

कॅप बसवायच्या दिवशी डॉक्टरांनी झिर्कोनियाची दाढ नुसती ठेवून पाहिली आणि विचारलं, "चावा. उंच वाटतेय?"

"मागच्या बाजूला. गालाकडे."

त्यांनी चिमट्यात निळा कागद धरला. हा कागद बघून मला हसू आलं. डाय मॅच करताना, म्हणजे साच्याचे दोन भाग एकमेकांवर बसवताना, आम्ही एका पृष्ठभागाला ब्लू नावाचा निळा रंग लावायचो, दुसरा त्यावर टेकवायचो, आणि जिथे निळं उमटेल तो हाय स्पॉट स्क्रेपरनं काढायचो. टूलरूममधलं सगळ्यात सावकाशीचं काम ते, आणि ते ज्याला येतं त्याला कुणी घाई करत नाही. मी कागदावर दात आपटले, इकडेतिकडे घासले. कॅपच्या मागच्या कोपऱ्यात, गालाकडे, एक ठसठशीत निळा ठिपका.

"बरोबर सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या. वीसेक मायक्रॉनचा फरकसुद्धा माणसाला दातांमध्ये जाणवू शकतो, म्हणे. त्यांनी कॅप काढून बर, म्हणजे यंत्राचं घासायचं टोक, हलकासा टेकवला, परत ठेवली, परत कागद. ठिपका लहान झाला होता.

"अजून थोडं," मी म्हटलं.

"काका, किती?"

"दहा मायक्रॉन."

"माझ्याकडे मायक्रोमीटर नाहीये हं," असं म्हणून त्यांनी आणखी एकदा बर टेकवला, आणि असिस्टंटला सिमेंट कालवायला सांगितलं.